साखर वाढली

काकी स्टुलावर चढून साखरेच्या डब्यात खांद्यापर्यंत हात घालून उभ्या होत्या. डबा चौकोनी, पत्र्याचा, एका माणसाला न उचलवणारा. त्याच्या बुडाशी एका कोपऱ्यात दमट हवेने घट्ट बसलेला साखरेचा पापुद्रा होता आणि तो पळीच्या दांड्याने खरवडल्याशिवाय सुटत नव्हता. आतापर्यंत जी निघाली होती ती मूठभरही नव्हती, आणि तिच्यात निम्मा वाटा मुंग्यांचा होता. मागे कुणीतरी खाकरलं. काकींना वाटलं, गिऱ्हाईक असेल.

“साखर?”

“वाढली,” काकी डब्यात तोंड ठेवूनच म्हणाल्या.

“वाढली?”

“हो ना. कालच वाढली.”

“किती वाढली?”

“अहो, किती म्हणजे काय? सगळीच.”

मग त्यांनी मान वर काढली. फळीपलीकडे एक तरुण माणूस उभा होता. खांद्याला कातडी पिशवी, सदऱ्याची कॉलर झिजल्यामुळे उलटवून शिवलेली, आणि हातात उघडी वही. पुरवठा खात्याचा नवा इन्स्पेक्टर बदलून आल्याचं काकींच्या कानावर होतं. म्हातारा इन्स्पेक्टर येई तेव्हा आधी स्टूल मागून घेई आणि मग गुडघेदुखीची हकीकत सांगे. हा उभ्या उभ्या लिहीत होता.

या घरात ‘संपलं’ हा शब्द वर्ज्य होता. काकी सून होऊन आल्या त्या आठवड्यातच सासूबाईंनी बजावलं होतं, की दुकानाच्या घरात काही संपत नाही. मीठ संपत नाही, वाढतं. दिवा विझत नाही, वाढतो. संध्याकाळी फळ्या लावतो त्यालाही दुकान बंद केलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. वाईट गोष्टीला नावाने हाक मारली की ती ओ देते, अशी आपल्या भाषेची जुनी भीती आहे. सासूबाईंची तर होतीच होती. त्या गेल्या, मग काकींचे यजमान गेले, तरी शब्द तोंडात तसाच राहिला. लढाई सुरू झाल्यापासून त्याची गल्लीभर थट्टा होई. “काकी, तुमच्याकडे तेल वाढलं, डाळ वाढली, साबण वाढला, मग आम्ही उपाशी का?” कुणी विचारी, “वाढली म्हणजे साखर की भाव?” आणि काकी म्हणत, “दोन्ही. घ्या आता मीठ तरी घ्या.”

इन्स्पेक्टरने फळी उचलली आणि आत येऊन डब्यात डोकावून पाहिलं.

“हा तर रिकामा आहे.”

“तेच तर सांगतेय मी.”

“तुम्ही सांगितलंत साखर वाढली. मग ती ठेवलीत कुठे?”

काकींना हसू आलं. ते आलं नसतं तर बरं झालं असतं. समोरच्याला वाटलं, आपल्याला हसतायत; आणि उलट्या कॉलरच्या माणसाला असं वाटायला फार वेळ लागत नाही.

“अहो साहेब, वाढली म्हणजे संपली. असं म्हणतात आमच्यात.”

“म्हणजे आधी वाढली म्हणालात, आता संपली म्हणता. जबाब फिरवताय?”

“फिरवतेय कुठे? ती एकच गोष्ट आहे.”

“वाढणं आणि संपणं एकच गोष्ट?” इन्स्पेक्टरने हेही लिहून घेतलं.

त्याने घर पाहिलं. दुकानामागची एक खोली आणि चूल, त्यात पाहण्यासारखं ते काय. गादी उलटवली, लाकडाच्या ढिगात काठी घातली, पाण्याच्या पिंपात हात बुडवून पाहिला. साखर पाण्यात लपवणारा वाणी अजून जन्माला यायचाय, असं काकींच्या जिभेवर आलं होतं. पण एवढ्यात मागच्या दाराने त्यांचा मुलगा पाठीवर मिठाचं पोतं घेऊन आत आला, आणि इन्स्पेक्टरने वहीतून डोकं वर काढून त्याच्याकडे पाहिलं. मुलाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. काकींची थट्टा तिथेच विरली.

मुलाला सगळे ढब्बू म्हणत. लहानपणी तो होताही तसा, गालात डोळे बुडालेला. आता लढाईच्या रेशनावर त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा झाल्या होत्या, पण नाव काही वाळलं नव्हतं.

पंचनाम्याला साक्षीदार हवा म्हणून शेजारच्या टेलरमास्तरांना बोलावलं. दोन दुकानांच्या मध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत होती. मास्तर गळ्यात टेप तशीच ठेवून आले.

“या बाईंनी ‘साखर वाढली’ असं म्हटलेलं तुम्ही ऐकलंत?”

मास्तरांनी काकींकडे पाहिलं. मग त्यांच्या मागे, मिठाचं पोतं अजून पाठीवरच असलेल्या ढब्बूकडे पाहिलं.

“ऐकलं,” ते म्हणाले.

“सही करा.”

त्यांनी सही केली. दुपार व्हायच्या आत दुकानाला कुलूप लागलं, कुलपावर लाखेचा ठिपका बसला आणि बाहेर रांगेत थांबलेल्या बायका पिशव्या घडी करून घरी गेल्या. एकीने जाता जाता विचारलं, “काकी, दुकान वाढवलंत?” विचारल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं असावं. ती उत्तराला थांबली नाही.

दुकानाचं काकींना एवढं दुःख नव्हतं. तसंही विकायला काय होतं? दुःख वेगळंच होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकेक करून धडधाकट मुलगे लढाईवर गेले होते, आणि ढब्बू अजून घरी होता तो केवळ या दुकानामुळे. रेशनच्या दुकानाला पोती उचलायला एक हट्टाकट्टा माणूस ठेवता येई आणि त्याला भरतीतून सूट मिळे. दुकान होतं म्हणून ढब्बू होता. परवाना रद्द झाला की सूट रद्द, आणि सूट रद्द झालेल्याला किती दिवसांत बोलावतात ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बुधवारी सुनावणीला हजर राहा, असं इन्स्पेक्टर सांगून गेला होता.

त्या संध्याकाळी ढब्बूने आईला बसवून घेतलं. त्याला अजून सगळी गंमतच वाटत होती, किंवा तसं तो दाखवत होता.

“आता साहेबासमोर नीट बोलायचं हं आई. म्हण बघू, साखर संपली.”

“तुझं आपलं काहीतरीच.”

“म्हण तर खरं.”

“साखर नाही, असं म्हटलं तर?”

“नाही म्हणजे नव्हतीच की काय, असं विचारतील. संपली म्हण. सोपं आहे. सं-प-ली.”

काकींनी तोंड उघडलं. “साखर सं…” म्हटलं आणि थांबल्या. समोर हा बसलेला, दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर, हातात भाकरीचा तुकडा. त्याच्याकडे बघत तो शब्द काढणं त्यांना जमेना.

“तू तिकडे तोंड कर,” त्या म्हणाल्या.

ढब्बू हसत भिंतीकडे वळला. तरीही काकींच्याने होईना. शेवटी त्या उठल्या आणि भांडी घासायला बसल्या. घासून झालेलं पातेलं त्यांनी पुन्हा घासायला घेतलं, तेव्हा ढब्बूचं हसणं थांबलं. तो येऊन त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि भांडी विसळू लागला.

दुसऱ्या दिवशी काकी मास्तरांकडे गेल्या. मास्तरांचं दुकान पूर्वी मुलांच्या शाळेच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध होतं. आता तिथे सैन्याचे गणवेश शिवले जात. एका बाजूला नुसत्या बाह्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला नुसत्या पाठींचा. दोन मशिनी होत्या. एकीवर मास्तर बसत. दुसरीवर त्यांचा मुलगा बसे; तो पहिल्या तुकडीतच गेला होता आणि कित्येक दिवसांत त्याची काही खबर नव्हती. त्या मशीनवर जुनं पांघरूण घातलेलं होतं. बाह्यांना जागा पुरत नव्हती, तरी तिच्यावर कुणी काही ठेवलेलं नव्हतं.

“मास्तर, तुम्ही तरी सांगायचं होतंत त्याला.”

“वहिनी, त्याने विचारलं ऐकलंत का. मी ऐकलं होतं.”

“आणि अर्थ?”

“अर्थ नाही विचारला.”

“तुम्हीही तेच म्हणता की. परवाच दोरा वाढला म्हणून माझ्या दारात आला होतात.”

मास्तरांनी बाहीची शिवण संपवली, दातांनी दोरा तोडला, बाही ढिगात टाकली आणि दुसरी घेतली. ती मशीनखाली सरकवून ते तसेच थांबले.

“तुमचा ढब्बू रोज सकाळी पोती उतरवतो,” ते म्हणाले. “भिंतीतून ऐकू येतं मला. शीळ घालत असतो.”

“बंद करायला सांगू?”

“नाही, नाही. छान घालतो.” मास्तर बाहीकडे पाहत राहिले. “छानच घालतो, वहिनी. रोज ऐकतो मी.”

काकींना संताप आला आणि त्याच वेळी लाजही वाटली. पोटचा पोर डोळ्यांसमोर असणं हा काही गुन्हा नव्हे. पण या गल्लीत तो आता गुन्ह्यासारखा दिसायला लागला होता, आणि तसा तो दिसतोय हे काकींना आतून माहीतच होतं. म्हणून तर त्या ढब्बूला संध्याकाळी ओट्यावर बसू देत नसत. म्हणून तर मास्तरांकडची खबर विचारायला जाताना त्याला सोबत नेत नसत. मास्तरांना दोष देऊ म्हणून आल्या होत्या. देण्यासारखं काही उरलं नाही. त्या निघाल्या.

“सुनावणी कधी आहे?” मागून मास्तरांनी विचारलं.

“बुधवारी.”

“मी येतो.” मशीन सुरू झाली. “सांगतो सगळं.”

पुरवठा खात्याचं कचेरीघर म्हणजे एक शाळाच होती. मुलं कुठेतरी दुसरीकडे पाठवली होती, पण बाकं तीच होती. व्हरांड्यात त्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती, आणि असं बसलं की कुणालाही केलेल्या चुकीबद्दल छडी मिळणार असल्यासारखं वाटतं. काकींच्या शेजारी एक पाववाला होता.

“तुमचं काय?” त्याने विचारलं.

“साखर. तुमचं?”

“पाव खालून करपले. धान्याची नासाडी केली म्हणे. आता लाकूड ओलं असेल तर पाव करपणार नाही तर काय?”

पलीकडच्या तेलवाल्याच्या मापाला पोचा आला होता. दूधवाल्याच्या दुधावर साय पातळ धरली होती. कोळशाच्या वखारवाल्याने फळ्यावर कोळसा आहे असं लिहिलं होतं आणि तो कोळसा जरा बारीक निघाला होता. “घ्या, आता कोळशाला काळा म्हटलं म्हणूनही धरतील,” वखारवाला म्हणाला, तेव्हा सगळे हसले. काकीही हसल्या. जरा धीर आला. इतक्या जणांचं इतकं फालतू असेल तर आपलंही निभावेल, समजवून सांगितलं की झालं, असं त्यांना वाटलं. त्यांनी मास्तरांना तसं म्हणूनही दाखवलं. मास्तरांनी मान डोलावली.

ढब्बू मात्र हसला नाही. तो बाकांकडे बघत होता. पाववाल्याजवळ त्याचा मुलगा होता. तेलवाल्याजवळ पुतण्या. दूधवाल्याजवळ धाकटा भाऊ. वखारवाल्याजवळ जावई, नुकतंच लग्न झालेला, बायकोने विणलेला गळपट्टा भर दुपारी गळ्यात घालून बसलेला. सगळे एका वयाचे. ते एकमेकांकडे बघत होते आणि नजर मिळाली की खाली पाहत होते. ढब्बू इतका वेळ हळू आवाजात शीळ घालत होता, ती त्याने बंद केली.

साहेबांची खोली म्हणजे वर्ग होता. फळ्यावर कुणाच्या तरी भागाकाराचा अर्धा पुसलेला कोपरा अजून होता. साहेब पन्नाशीचे, सभ्य, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी काकींना बसायला सांगितलं. पंचनामा मोठ्याने वाचला. वाचताना ते कुठेही हसले नाहीत.

“हे शब्द तुमचेच?”

“हो साहेब. पण त्याचा अर्थ तसा नाही.”

“कसा आहे?”

काकी मास्तरांकडे वळल्या. मास्तर उभे राहिले. कपडे शिवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. त्यांनी गळ्याशी हात नेला, टेप नव्हती, मग हात मागे बांधले.

“साहेब, पंचनाम्यावर माझी सही आहे. शब्द खरे आहेत. पण आमच्याकडे एखादी वस्तू संपली की संपली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मीही म्हणतो. सगळेच म्हणतात. हे मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.” ते थांबले. “ती माझी चूक. या बाईंची काही चूक नाही.”

मास्तरांना एवढं बोलताना काकींनी कधी ऐकलं नव्हतं. काकींचे डोळे भरून आले. आता झालं, असं त्यांना वाटलं. माणूस खरं बोलला, समोरचा शहाणा आहे, आणखी काय लागतं?

साहेब कपाळाला आठी घालून ऐकत होते, परक्या मुलखातली रीत ऐकावी तसे.

“वाढली म्हणजे संपली,” ते सावकाश म्हणाले. “नवलच आहे. माझ्या तरी ऐकण्यात नाही.”

“साहेब, जुनी माणसं म्हणतात…”

“असेल. पण मी कधी ऐकलेलं नाही. आणि सरकारी कामात शब्दाचा सरळ अर्थच धरावा लागतो.” ते लिहू लागले. लिहिता लिहिता अर्धवट मोठ्याने बोलत होते, सवयच असावी. “असा वापर… प्रचलित असल्याचे… आढळत नाही.”

काकी उठून उभ्या राहिल्या. समोर साहेब होते, शेजारी मुलगा होता, आणि आता तोंड भिंतीकडे वळवायला वेळ नव्हता.

“संपली होती साहेब,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. “साखर संपली होती. तेल संपलं होतं. डाळ संपली होती. सगळं संपलं होतं. आता म्हटलं ना मी? सरळ म्हटलं ना? लिहा ना तसं.”

साहेबांनी लिहिणं थांबवलं नाही. ढब्बू आईकडे बघत राहिला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द ऐकला होता, आणि एकदा सुटल्यावर तो थांबतच नव्हता.

तेवढ्यात दार ढकलून कचेरीतली चहावाली बाई आत आली. कमरेला पदर खोचलेला, हातात किटली. खोलीत काय चाललंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

“साहेब, साखर वाढली.”

“मग तसाच आणा,” साहेब मान खाली ठेवूनच म्हणाले.

बाई गेली. दार आपल्या आपण मागे येऊन बसलं.

साहेबांची लेखणी ओळीच्या मध्यावर थांबली, क्षणभर तिथेच राहिली, आणि मग पुढे सरकली. मास्तरांनी मान वर केली होती. काकी साहेबांच्या डोक्याकडे, नीट भांग पाडलेल्या विरळ केसांकडे बघत होत्या. या माणसालाही आई असेल, त्याच्याही घरी दिवा वाढत असेल, मीठ वाढत असेल. त्याला समजवायला म्हणून त्या आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, तोच ढब्बूने त्यांच्या दंडाला हात लावला. जोर लावला नाही. नुसता हात ठेवला.

“सही कुठे करायची, साहेब?” त्याने विचारलं.

साहेबांनी कागद फिरवून त्याच्यापुढे केला आणि बोटाने जागा दाखवली. त्याच्या खाली आणखी एक कागद होता, त्यावरही दाखवली. बोट दाखवताना ते मुलाकडे पाहत नव्हते, खिडकीकडे पाहत होते. ढब्बूने दोन्हीकडे सही केली. शाळेत असताना करी तशीच, जीभ ओठात धरून.

“सोमवारी सकाळी,” साहेब म्हणाले. “उबदार कपडे घेऊन या.” आणि मग, फारच हळू, “जा तुम्ही आता, काकी.”

त्यांना काकी म्हणतात, हे या कचेरीत कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित त्या वयाच्या सगळ्या बायकांना ते काकीच म्हणत असतील. व्हरांड्यातून बाहेर पडताना पाववाल्याने हात उंचावून विचारलं, काय झालं? त्याचा मुलगाही बघत होता. “नीट ऐकून घेतात,” काकी म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

परतीच्या वाटेवर ढब्बू थोडा पुढे चालत होता. ऊन होतं. रस्त्यातली निम्मी दुकानं बंद होती, आणि जी उघडी होती त्यांच्या दारात बायका नाही तर म्हातारे बसलेले होते. काकींना हे रोजच दिसत होतं. पण आज त्यांनी प्रत्येक दाराकडे नीट पाहिलं.

“वहिनी,” मास्तर म्हणाले, “मी त्याच दिवशी बोललो असतो तर…”

“काही झालं नसतं, मास्तर.”

“तरी.”

“काहीही झालं नसतं.”

हे ऐकून मास्तरांना हलकं वाटायला हवं होतं. आपल्या गप्प बसण्याने काही बिघडलं नाही, आणि बोलण्याने काही सुधारलं नसतं. माणसाला सुटल्यासारखं वाटावं असंच ते होतं. पण ते आणखीच वाकून चालू लागले. निदान चूक तरी आपली असती, असं त्यांना वाटत असावं. काकींनाही तसंच वाटत होतं. त्या दिवशी डब्यात तोंड ठेवून दुसरा शब्द उच्चारला असता तर, असं आयुष्यभर स्वतःला बोलत बसण्याचीही सोय राहिली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी मास्तर थांबले.

“ढब्बू, इकडे ये रे.”

तो मागे आला. मास्तरांनी खिशातून टेप काढली, मघाशी कचेरीत सापडली नव्हती ती, आणि भर रस्त्यात त्याचे खांदे मापू लागले. या हातांनी त्यांनी ढब्बूची पहिली शाळेची चड्डी शिवली होती, तेव्हा तो टेपेने गुदगुल्या होतात म्हणून पळून गेला होता. आता गुपचूप उभा राहिला. मास्तरांनी बाही मापली, पाठ मापली.

“ढिगातले कपडे कुणालाच नीट बसत नाहीत,” ते म्हणाले. “खांद्यात ओढतात, काखेत काचतात. मी तुला वेगळा शिवतो. कापड चांगलं बघून ठेवलंय एक.”

“कुणी काही म्हणेल तुम्हाला,” ढब्बू म्हणाला.

“म्हणू दे. हात वर कर.”

त्यांनी टेप त्याच्या छातीभोवती गुंडाळली आणि आकडा बघून ते चुकचुकले. मग पोरांच्या आयांना गेली कित्येक वर्षं सांगत आले तसं, सवयीने, काकींकडे वळून म्हणाले, “जरा सैलच ठेवतो हं वहिनी. वाढत्या अंगाचा आहे.”

काकी मुलाकडे बघत होत्या. हात वर करून तो तसाच उभा होता, मास्तर खाली घे म्हणेपर्यंत घ्यायचे नाहीत म्हणून.

“नको, मास्तर,” त्या म्हणाल्या. “आहे त्या मापाचाच शिवा.”

टेप सैल राहावी म्हणून मास्तरांनी तिच्याखाली दोन बोटं घातली होती. ती त्यांनी काढून घेतली.